पोस्टवर कोणी काही बोलतच नाही: दर दोन-तीन महिन्यांनी परतणारी तक्रार आणि तिचा माग

इन्स्टाग्राम-फेसबुकवर पेज चालवणाऱ्या छोट्या व्यवसायांची तक्रार साधारण अशी असते. "आधी लाइक यायचे, आता येत नाहीत. फॉलोअर्स तेवढेच आहेत, उलट थोडे वाढलेच. पोस्टही नियमित टाकतोय. मग कोणी काही बोलत का नाही?" मग कोणीतरी सुचवतं म्हणून रोज पोस्ट टाकायला सुरुवात होते, एखादी 'टॅग करा आणि जिंका' स्पर्धा होते, थोडे पैसे घालून एक पोस्ट बूस्ट केली जाते, म्हणजे जास्त लोकांना दाखवली जाते. आकडे आठ-पंधरा दिवस वर जातात आणि पुन्हा होते तिथे येऊन बसतात. कधी कधी आधीपेक्षाही खाली.

छोट्या व्यवसायांची पेजेस सांभाळणाऱ्यांना हे चक्र तोंडपाठ असतं. ते थांबत नाही, कारण 'एंगेजमेंट (म्हणजे लोकांचा प्रतिसाद) कमी' या एका नावाखाली चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. पोस्ट लोकांपर्यंत पोचलीच नाही. पोचली, पण कोणी थांबलं नाही. थांबले, पण बोलण्यासारखं काही सापडलं नाही. किंवा बोलले, आणि समोरून उत्तरच आलं नाही. वरवर पाहिलं तर चारही ठिकाणी एकच दिसतं, लाइक कमी. म्हणून औषधही सगळ्यांना एकच दिलं जातं. अनुभव असा की सगळे पहिल्या जागेला दोष देऊन मोकळे होतात ('अल्गोरिदम बदललाय हो', म्हणजे कोणाला काय दाखवायचं ते ठरवणारी यंत्रणा) आणि घोडं अडलेलं असतं शेवटच्या दोनपैकी कुठेतरी.

आधी आकडे बघा

इन्स्टाग्राम अकाउंट अजून साधं, वैयक्तिक प्रकारचं असेल तर इनसाइट्स, म्हणजे पोस्टचे आकडे दाखवणारं पान, दिसणारच नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ते बिझनेस किंवा क्रिएटर प्रकारात बदलून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत. मग शेवटच्या दहा-बारा पोस्ट घ्या आणि प्रत्येकीचा रीच (ती किती वेगवेगळ्या लोकांपर्यंत पोचली), कमेंट, सेव्ह, शेअर आणि त्या पोस्टवरून प्रोफाइलवर आलेले लोक, एवढं कागदावर उतरवा. कागदावर म्हणतोय ते मुद्दाम. फोनवर एकेक पोस्ट उघडून बघितली की प्रत्येक पोस्ट त्या वेळेपुरती बरी वाटते. शेजारी शेजारी लिहिल्यावरच फरक डोळ्यांत भरतो.

बहुतेक जण आलेल्या प्रतिक्रियांना फॉलोअर्सच्या संख्येने भागतात. निदान करायचं असेल तर रीचने भागा. समजा फॉलोअर्स ५,००० आहेत, पोस्ट ४०० जणांपर्यंत पोचली आणि २४ जणांनी त्यावर काहीतरी केलं. फॉलोअर्सने भागलं तर अर्धा टक्कासुद्धा भरत नाही, आणि माणूस हताश होतो. रीचने भागलं तर ६ टक्के येतात. म्हणजे ज्यांनी पाहिली त्यांना ती भावली, फक्त पाहणारेच थोडे होते. आता तेच २४ जण, पण रीच ३,०००. रीचने भागून ०.८ टक्के. इथे लोकांपर्यंत पोस्ट गेली आणि लोक अंगठ्याने ती सरकवून पुढे गेले. पहिल्या पेजला आणि दुसऱ्या पेजला एकच सल्ला दिला तर दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं.

एक सावधगिरी. २०२४ पासून इन्स्टाग्राम 'व्ह्यूज' हा आकडा सगळ्यात पुढे दाखवतं. एकाच माणसाने तीनदा पाहिलं तर व्ह्यूज तीन धरले जातात, रीच मात्र एकच. दोन्हींची सरमिसळ केली की वरचा सगळा हिशेब फसतो.

रीचच नसेल तर

सर्वांत आधी सेटिंग्जमधलं 'अकाउंट स्टेटस' उघडा. एखादी पोस्ट नियमात न बसल्यामुळे काढली गेली आहे का, तुमच्या पोस्ट अनोळखी लोकांना सुचवल्या जाऊ शकतात की नाही, हे तिथे स्पष्ट दिसतं. 'शॅडोबॅन झालाय', म्हणजे न सांगता आपल्या पोस्ट दडपल्या जातायत, असं ठामपणे सांगणाऱ्या किती जणांनी हे पान उघडलेलं असतं, हा संशोधनाचा विषय आहे. तिथे सगळं हिरवं असेल तर शॅडोबॅनचा विषय तिथेच मिटवा.

त्यानंतर क्रमवारीचं गणित. इन्स्टाग्रामची फीड, म्हणजे अॅप उघडल्यावर दिसणारी पोस्टची रांग, २०१६ पर्यंत वेळेनुसार लागायची. त्यानंतर ती प्रत्येकाच्या आवडीनिवडीचा अंदाज बांधून लागते. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी सविस्तर लिहून सांगितलं की एकच एक अल्गोरिदम असं काही नाही. फीड, स्टोरी, रील्स (छोटे व्हिडिओ) आणि एक्सप्लोर (अनोळखी खात्यांच्या पोस्ट सुचवणारं पान) यांची क्रमवारी वेगवेगळ्या रीतीने ठरते. २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी तीन गोष्टींवर बोट ठेवलं: लोक किती वेळ बघतात, किती लाइक करतात आणि किती जण ते दुसऱ्याला पाठवतात. आधीपासून फॉलो करणाऱ्यांपर्यंत पोचायला लाइकचं वजन जास्त, नवीन लोकांपर्यंत जायला पाठवण्याचं. म्हणजे 'नवीन गिऱ्हाईक मिळत नाही' अशी तक्रार असेल तर लाइक मोजत बसण्यात अर्थ नाही. ही पोस्ट कोणी कोणाला पाठवेल का, आणि पाठवताना सोबत काय लिहील, हा प्रश्न विचारा. 'हे बघ, तू विचारत होतास ना' असं म्हणून पाठवता येईल अशी पोस्ट तुमच्याकडे आहे का?

फेसबुकची कथा थोडी वेगळी. २०१७ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की 'आवडलं तर लाइक करा', 'तीन मित्रांना टॅग करा' अशा थाटाच्या, प्रतिक्रिया ओढून घेणाऱ्या पोस्ट खाली ढकलल्या जातील. लगेच जानेवारी २०१८ मध्ये फीडमध्ये मित्र आणि कुटुंबाच्या पोस्टना प्राधान्य देण्याचा निर्णय आला आणि व्यवसायांच्या पेजेसचा फुकटातला रीच आक्रसला. आता गंमत बघा: एंगेजमेंट घटली की छोटे व्यवसाय सगळ्यात आधी जो उपाय करतात, तो नेमका या २०१७ च्या यादीतला असतो.

बारीकसारीक अडचणीही तपासून घ्या. दुसऱ्या अॅपचा शिक्का असलेली रील उचलून टाकली तर इन्स्टाग्राम ती कमी सुचवतं. हे त्यांनी २०२१ मध्येच सांगितलंय. बिझनेस अकाउंटला सगळी गाणी वापरायची परवानगी नसते, आणि हक्क नसलेलं गाणं लावलं तर आवाज बंद होऊ शकतो. मुकी झालेली रील महिनोन्‌महिने तशीच पडून असते, कारण मालक स्वतःच्या रील्स परत उघडून बघतच नाही.

पोस्ट शेड्यूल केली, म्हणजे आधीच वेळ ठरवून लावून ठेवली, म्हणून रीच पडत नाही. पोस्ट केल्यावर कॅप्शनमधली चूक दुरुस्त केली म्हणूनही नाही. हॅशटॅगचा ढीग घातल्याने रीच उसळत नाही. त्यापेक्षा तुम्ही काय काम करता हे कॅप्शनमध्ये आणि प्रोफाइलच्या नावात साध्या शब्दांत लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडाल.

फॉलोअर्स आहेत, पण कुठले?

चक्र पुन्हा पुन्हा का फिरतं याचं खरं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. स्पर्धेतून आलेला माणूस बक्षिसासाठी आला होता. 'तू मला फॉलो कर, मी तुला' मधून आलेला माणूस स्वतःच्या आकड्यासाठी आला होता. विकत घेतलेले तर आलेच नव्हते. हे सगळे तुमच्या यादीत बसून असतात. नवी पोस्ट यांच्यासमोर आली की ते ढिम्म हलत नाहीत, आणि पोस्ट पुढे न्यायची की नाही याचा कौल त्यांच्या थंडपणावरही ठरतो.

मग मालक बूस्टचं बटण दाबतो. प्रेक्षक निवडायच्या पानावर 'ऑटोमॅटिक' हा पर्याय आयताच समोर असतो. तो काय करतो? तुमच्या सध्याच्या फॉलोअर्ससारखे आणखी लोक शोधतो. यादीत बक्षिसाच्या आशेने आलेले निम्मे असतील, तर पैसे देऊन तुम्ही तसलेच आणखी गोळा करता. दोन महिन्यांनी तीच तक्रार, आता मोठ्या आकड्यासकट.

तेव्हा बूस्ट करायचंच असेल तर प्रेक्षक स्वतः निवडा: तुमचं काम जिथपर्यंत जातं तेवढाच भाग, आणि कामाशी संबंध असलेल्या आवडी. उद्दिष्टही विचार करून निवडा. प्रोफाइलवर भेटी, वेबसाइटवर भेटी, मेसेज यांतलं जे मागाल ते करण्याची शक्यता असलेले लोक यंत्रणा शोधते. चौकश्या हव्या असताना प्रोफाइलभेटी मागितल्या, तर भेटी देऊन जाणारे लोक मिळतील आणि तक्रारीला जागा उरणार नाही.

जुन्या यादीचं काय? इन्स्टाग्रामवर फॉलोअरला यादीतून काढता येतं आणि त्याला तसं कळवलं जात नाही. उघडउघड बनावट दिसणारी खाती हळूहळू काढत जा. पण खातं बंद करून नव्याने सुरू करायचा झटका आला असेल तर जरा थांबा. जुन्या गिऱ्हाइकांनी तुम्हाला त्याच नावाने लक्षात ठेवलेलं असतं, आणि नव्या खात्यावर जुन्याच सवयी घेऊन गेलात तर वर्षभरात परत इथेच याल.

पोचते, पण कोणी थांबत नाही

रील्सच्या इनसाइट्समध्ये लोक कोणत्या सेकंदाला निघून गेले याचा आलेख असतो. छोट्या व्यवसायांच्या रील्समध्ये तो पहिल्या दोन-तीन सेकंदांतच कोसळतो, आणि त्या सेकंदांत पडद्यावर काय असतं? फिरत फिरत येणारा लोगो. तो काढा. कामाचा सगळ्यात बोलका क्षण आधी दाखवा, नाव नंतर येऊ द्या.

कॅप्शनचंही तसंच. सुरुवातीचं एक-दीड वाक्य सोडलं तर बाकीचं 'आणखी'च्या मागे दडतं. ते पहिलं वाक्य 'नमस्कार मंडळी, आज आम्ही घेऊन आलो आहोत' मध्ये खर्ची घातलं तर पुढचं कितीही छान असो, वाचणारा तिथपर्यंत जात नाही. रीलवरचा मजकूर अगदी तळाशी लिहू नका, तिथे अॅपची बटणं आणि नाव त्यावर चढतं. आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात, म्हणून बोललेलं पडद्यावर लिहा. एकापेक्षा जास्त फोटोंची सरकवायची पोस्ट असेल तर दुसरा फोटोही पहिल्याइतका दमदार निवडा; पहिला न सरकवता पुढे गेलेल्या माणसाला इन्स्टाग्राम तीच पोस्ट कधी कधी पुढच्या फोटोपासून पुन्हा दाखवतं.

थांबतात, पण बोलत नाहीत

लाकडी फर्निचरची दुरुस्ती करणाऱ्या एका काल्पनिक पेजवरची ही पोस्ट घ्या. अशी पोस्ट तुम्ही शंभर वेळा पाहिली असेल.

"दर्जेदार काम, विश्वासार्ह सेवा. आपल्या सर्व फर्निचरच्या दुरुस्तीसाठी आजच संपर्क साधा."

यावर कोणी काय बोलावं? चूक काही नाही त्यात, पण ती पाटी आहे, आणि पाटीशी कोणी गप्पा मारत नाही. आता तेच काम असं लिहून बघा.

"ही खुर्ची आली तेव्हा मागचा डावा पाय हलत होता. सांधा उघडला तर आत जुने तीन खिळे. खिळा ठोकला की काही दिवस घट्ट वाटतं, मग लाकूड चिरतं आणि पाय जास्तच हलतो. खिळे काढून, जुना डिंक खरवडून सांधा नव्याने चिकटवला. तुमच्या घरी हलणारी खुर्ची असेल तर तिचा पुढचा पाय हलतो की मागचा?"

फरक कुठे पडला? एक तर इथे एक विशिष्ट खुर्ची आहे, तिला एक विशिष्ट दुखणं आहे. दुसरं, वाचणाऱ्याला एक उपयोगाची गोष्ट कळली, जी तो खिळा ठोकायला निघालेल्या भावाला पाठवू शकतो. आणि प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं, विचार न करता देता येतं, आणि देताना आपण अडाणी दिसू अशी भीती नसते. वर त्या उत्तरातून तुम्हाला कळतं की गिऱ्हाइकांच्या घरी काय मोडतंय.

'तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये सांगा' हा प्रश्न मला अजिबात आवडत नाही. तो विचारणाऱ्याने काहीच कष्ट घेतलेले नसतात आणि उत्तर देणाऱ्याला मात्र निबंध लिहायला बसवलेलं असतं. प्रश्न विचारायचा तर छोटा, ठोस, आणि उत्तराची तुम्हाला खरोखर गरज असलेला. नवीन रंग आणायचा आहे? दोन नमुने शेजारी ठेवा आणि विचारा. मग जे जिंकलं ते आणा आणि 'तुम्ही निवडलेलं आलं' म्हणून दाखवा. लोकांच्या बोलण्याने काहीतरी बदलतं हे एकदा दिसलं की पुढच्या वेळी वेगळी विनवणी करावी लागत नाही.

लाजऱ्या लोकांसाठी स्टोरीतला पोल आहेच. सगळ्यांसमोर नाव लावून लिहायला संकोचणारा माणूस पोलवर बोट टेकवतो. पोलचं उत्तर कोणी दिलं हे तुम्हाला दिसतं, तेव्हा पहिले काही महिने उत्तर देणाऱ्यांची नावं नीट बघा. कोणती चार-पाच नावं परत परत दिसतात? तुमचं खरं गिऱ्हाईक, किंवा गिऱ्हाईक व्हायला निघालेला माणूस, बहुधा त्यांतच असतो.

काही व्यवसायांना कमेंट येणारच नाहीत, आणि त्यात बिघाड काही नाही. केस गळण्यावरचे उपचार, कर्जाचा सल्ला, घटस्फोटाची वकिली, मानसिक आरोग्य: यावर आपल्या नावाने उघड कोण लिहील? अशा पेजवर सेव्ह, खासगी शेअर आणि मेसेज मोजा. कमेंट शून्य आणि सेव्ह भरपूर असतील तर पेज उत्तम चाललंय.

बोलतात, पण समोर कोणी नाही

हा भाग सगळ्यात कमी तपासला जातो. इन्स्टाग्रामवर तुम्ही ज्यांना फॉलो करत नाही अशा लोकांचे मेसेज बहुधा 'रिक्वेस्ट'मध्ये जातात, आणि त्यातलेही संशयास्पद वाटलेले 'हिडन रिक्वेस्ट'मध्ये. नवीन गिऱ्हाईक म्हणजे व्याख्येनेच अनोळखी माणूस. तेव्हा आत्ता, हे वाचता वाचताच, ते दोन्ही फोल्डर उघडा. महिन्यापूर्वी 'हे अजून मिळेल का?' विचारून गेलेला कोणीतरी तिथे हमखास सापडतो. कमेंटचंही तेच: शब्द गाळणारी चाळणी चालू असेल तर साध्या कमेंटही तिच्यात अडकू शकतात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हींचे मेसेज त्यांच्या मालक कंपनीच्या, मेटाच्या, 'बिझनेस सूट'मधल्या एका इनबॉक्समध्ये दिसतात. तो लावून घेतला की दहा ठिकाणी डोकवायला नको.

मग उत्तरांची भाषा. कोणी लिहितं "छान", खाली उत्तर "धन्यवाद". विषय संपला. कोणी विचारतं "केवढ्याला?", खाली उत्तर "डीएम (खासगी मेसेज) केलाय". हे दुसरं मला जास्त खटकतं. तोच प्रश्न मनात असलेले आणखी कितीतरी जण ती कमेंट वाचून जातात आणि त्यांना एवढंच कळतं की इथे उघड उत्तर मिळत नाही. किंमत कामानुसार बदलत असेल तर कशावरून बदलते ते तिथेच लिहा: "लाकूड आणि किती सांधे उघडावे लागतात त्यावर ठरतं. तुमची खुर्ची किती जुनी आहे?" याने विचारणाऱ्याला दिशा मिळते, बाकीच्यांना माहिती मिळते आणि बोलणं पुढे सरकतं.

दिवसभर फोनला चिकटून बसायची गरज नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, ठरवून बसा आणि सगळी उत्तरं देऊन उठा. वारंवार येणाऱ्या प्रश्नांसाठी व्हॉट्सअॅप बिझनेस आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे तयार उत्तरं साठवता येतात. ती वापरा, फक्त पाठवण्याआधी त्यात समोरच्याने विचारलेली नेमकी गोष्ट घाला. तक्रारीची कमेंट आली तर उडवू नका. उडवलेल्या कमेंटचा स्क्रीनशॉट निघायला वेळ लागत नाही, आणि शांतपणे दिलेलं उत्तर पुढे येणारे अनेक जण वाचतात.

पुन्हा उद्भवू नये म्हणून

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन-चार आठवडे तशीच चालू द्या. पहिला फोटो, प्रश्नाची पद्धत, वेळ, बूस्ट असं सगळं एकदम बदललं तर आकडा वर जाईलही, पण कशामुळे गेला ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी खाली आला की पुन्हा अंधारात चाचपडणं आलं. आधीचा कागद जवळ ठेवा, त्याच रकान्यांत नव्या पोस्ट लिहा. एखादी पोस्ट अचानक प्रचंड चालली तर तिला सरासरीत धरू नका, नाहीतर पुढचे सगळे महिने पडल्यासारखे दिसतील.

आठवड्याला किती पोस्ट? कामाच्या सगळ्यात धावपळीच्या आठवड्यातही जेवढ्या जमतील तेवढ्याच. मोकळ्या महिन्यात रोज आणि गर्दीच्या महिन्यात शून्य, असा प्रकार झाला की मेसेजची उत्तरंही नेमकी गर्दीत थांबतात, म्हणजे जेव्हा लोक सगळ्यात जास्त विचारत असतात तेव्हा. वेळच नसेल तर एखादी पोस्ट गाळा, पण उत्तरं चालू ठेवा.

एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत रीचने भागलेला आकडा हलला नाही, तर पुढच्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारायला सुरुवात करा की आमचं नाव कुठून कळलं. उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवा. त्यात बहुतेक जण ओळखीतून किंवा नकाशावर शोधून आलेले निघाले, तर पेजवर आठवड्याला एक पोस्ट आणि रोजची उत्तरं एवढंच ठेवून उरलेला वेळ नकाशावरची माहिती, फोटो आणि अभिप्राय नीट करण्यात घाला.